अंबादासच्या मनगटावरचं माझं घड्याळ

हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या पलटणीचं एक सेक्शन काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर चढलं. सेक्शन म्हणजे दहा माणसं. मी त्यात लान्स नायक होतो, काम वायरलेस सेटवर. नाव साहेबराव. या नावाने मला फौजेत पहिल्या दिवसापासून छळलं. ट्रेनिंगचे उस्ताद म्हणायचे, "पुढे साहेब, मागे राव, आणि हातात झाडू!"

नायक अंबादास माझ्याहून सीनियर. तो वैजापूर तालुक्यातला, मी करमाडचा. मध्ये अख्खं औरंगाबाद, आताचं संभाजीनगर. पण तेवढ्या उंचीवर दोन मराठवाड्याची माणसं भेटली की ती शेजारीच असतात. ड्यूटीवर मी त्याला नायक साहेब म्हणायचो आणि बंकरमध्ये अंबादासभाऊ.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. बर्फ वितळवून पाणी करायचं, शस्त्रं साफ करायची, पहाऱ्यावरचे संत्री बदलायचे, ठरल्या वेळी सेटवर खालच्या पोस्टशी बोलायचं. अंबादासभाऊची एक सवय अख्ख्या पोस्टला माहीत होती. तो पाणी फेकायचा नाही. तोंड धुतलेलं पाणी डब्यात जमा करायचा, त्यात भांडी विसळायचा, आणि मग ते ओतायचं कुठे याचा विचार करत उभा राहायचा. आमचे पोस्ट कमांडर सुभेदार साहेब एकदा म्हणाले, "अरे, बाहेर अख्खा डोंगर पाण्याचा आहे."

"असू द्या साहेब," तो म्हणाला. "सवय मोडली तर सुट्टीत बायकोचा मार खावा लागंल."

त्याच्या गावाला तेव्हा दोन वर्षं टँकरच पाणी पुरवत होता. आमच्याकडेही तेच. फरक एवढाच की करमाडच्या बाजूला जमिनी कंपन्यांसाठी जात होत्या. माझ्या सासऱ्यांची शेंद्र्याजवळची जमीन गेली आणि त्यांना नव्या वस्तूंचं वेड लागलं. लग्नात त्यांनी मला शहरातून आणलेलं घड्याळ दिलं. "जावईबापू, याला सेल लागत नाय. उन्हावर चालतंय. अन् ऊन तर आपल्याकडं बक्कळ!"

खरंच बक्कळ. आम्ही पाणी मोजत वाढलो. ऊन कधी कोणी मोजलं नाही. उलट उन्हापासून सगळं झाकायचं: डोकं, माठ, बैल, लेकरं. एखाद्या वस्तूला ऊन कमी पडेल आणि ती उपाशी राहील, हा विचार आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. घड्याळासोबतची माहितीपुस्तिका मी न उघडताच घरी ठेवून आलो होतो. रायफलची देखभाल मला झोपेतही सांगता आली असती. घड्याळाची मी कधी केलीच नाही.

पोस्टवर आमचं अंग दिवसभर झाकलेलं असे. आत लोकरी बाही, वर जाड कोट, त्यावर हातमोजे. माझ्या घड्याळाने आठवडेच्या आठवडे उजेड पाहिला नाही. मग एक दिवस त्याचा सेकंदकाटा विचित्र चालायला लागला. एक घर सोडून उडी मारायचा, थांबायचा, पुन्हा दोन घरांची उडी. वेळ मात्र बरोबर दाखवत होतं. मला वाटलं, थंडीने आखडलं असेल.

त्याच सुमाराला अंबादासभाऊला दोन जवान घेऊन खालच्या पोस्टवर जायचा हुकूम झाला. एक रात्र तिथे काढायची, दुसऱ्या दिवशी सकाळी सामान घेऊन परत. वाटेत एक नाला होता. त्याच्यावरच्या उतारावर सकाळचं ऊन पडलं की बर्फ सैल व्हायचं. म्हणून सुभेदार साहेबांचा हुकूम पक्का होता: नाला नऊच्या आत ओलांडायचा. नऊ वाजून गेले तर नाल्यात न उतरता कड्याखाली थांबायचं आणि संध्याकाळी बर्फ घट्ट झाल्यावर यायचं. खाली नाल्यात उभं राहिलं की वरचा उतार दिसत नसे. तिथे भरवसा फक्त घड्याळाचा.

निघण्याआधी नियमाप्रमाणे ज्यांच्याकडे घड्याळं होती त्यांनी ती एकमेकांशी जुळवली; खाली जाणाऱ्या तिघांत घड्याळ फक्त अंबादासभाऊकडे होतं. तेव्हा अंबादासभाऊने माझा काटा पाहिला.

"ही तुझी घडी ठेचकाळती की रे."

"थंडी आहे, भाऊ."

"थंडी कशाची, भूक लागलीय हिला. उन्हावरची हाय ना? सेटवर तुला मिनिटा-मिनिटाचं काम. हे घे, माझी बांध. मी दोन दिस बाहेर हाय, हिला ऊन दाखवून आणतो."

मी नाही म्हणालो नाही. त्याचं घड्याळ साधं, सेलवालं, चामडी पट्ट्याचं होतं. मी ते बांधलं, माझं त्याला दिलं. तो हसत उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी सेट उघडला. परतीच्या वाटेवर असलेल्या पार्टीने तेव्हा बोलायचं ठरलं होतं. थंडीत बॅटरी लगेच बसते, म्हणून ते सेट एरवी बंद ठेवून कोटाच्या आत धरायचे आणि ठरल्या वेळेलाच उघडायचे.

"टायगर टू, टायगर टू, हाऊ डू यू हिअर मी? ओव्हर."

काही नाही. पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावलं. सुभेदार साहेब मागे येऊन उभे राहिले.

"बॅटरी बसली असेल. ट्राय करत राहा."

मी करत राहिलो. अंबादासभाऊचं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि ते अगदी बरोबर चाललं होतं. नऊ वाजून गेल्यावर साहेब म्हणाले, "आता ते कड्याखाली थांबतील. अंबादास नियम मोडणारा माणूस नाही." मलाही तसंच वाटलं. थोड्या वेळाने खालून आवाज आला. ज्याने तो आवाज एकदा ऐकला आहे त्याला तो काय आहे हे सांगावं लागत नाही.

आम्ही दोर आणि फावडी घेऊन उतरलो. दोघे जवान कडेला बर्फात अर्धे गाडले गेले होते. त्यांना ओढून काढलं. त्यातला विठ्ठल शुद्धीवर होता.

"नायक साहेब कुठे?" मी ओरडलो.

"पुढं होते."

"नऊ वाजून गेले होते. थांबला का नाहीत?"

तो म्हणाला, "कुठं नऊ? नायक साहेबांनी घड्याळ बघितलं. सव्वाआठ झालेत, म्हणाले. सेट पलीकडं गेल्यावर उघडू, म्हणाले."

अंबादासभाऊ दुपारी सापडला. मीच त्याचा हातमोजा काढला. माझं घड्याळ चालू होतं. काटा दोन-दोन घरं उड्या मारत होता. मी माझ्या मनगटावरचं अंबादासभाऊचं घड्याळ त्याच्या शेजारी धरलं. माझं घड्याळ जवळजवळ पाऊण तास मागे होतं.

काय घडलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी विठ्ठल चहा पिताना बोलला. "सकाळी उठल्यावर त्यांनी घड्याळ दगडी भिंतीवर उजेडात ठेवलं होतं. साहेबरावच्या घडीला चारा घालतो, म्हणाले." मग माझ्या डोक्यात सगळी संगती लागली. आदल्या दिवशी त्याची बाही वर राहिलीच नसणार, तेवढ्या थंडीत कोणाची राहते? रात्रभर अंधारात राहून पहाटे घड्याळ उपाशी बंद पडलं. सकाळी त्याने उजेडात ठेवलं तसं ते पुन्हा सुरू झालं, पण जिथे थांबलं होतं तिथूनच. त्याने पाहिलं तेव्हा ते चालत होतं. चालत्या घड्याळावर कोण संशय घेतं?

मी सुभेदार साहेबांना सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, "घड्याळाला शिक्षा देता येत नाही, साहेबराव. आणि तुलाही. बर्फ होतं, सरकलं. जा, सेटवर बस." अंबादासच्या अंगावरच्या वस्तूंची पुरचुंडी झाली आणि त्याच्या शवासोबत गावी गेली. माझं घड्याळ त्यातच गेलं. सामान बांधलं तेव्हा मी सेटवर होतो, आणि नंतर कोणत्या तोंडाने मागणार होतो?

मी हवालदार होऊन निवृत्त झालो. शेंद्र्याच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. ज्या रानात मी लहानपणी शेरडं वळली, तिथे आता माझ्यासमोरून कंटेनर वळतात. अंबादासभाऊची बायको मंदा वहिनी विहीर आटल्यावर गाव सोडून शहरात आली होती. चिकलठाण्याच्या पुढे नवी वस्ती झाली आहे, तिथे तिने दोन खोल्या बांधल्या. मी अधूनमधून जायचो. टँकरच्या दिवशी पाइप धरायचो, दिवाळीला फराळ न्यायचो. वस्तीत ती सगळ्यांना सांगायची, "हे ह्यांचे दोस्त. सख्ख्या भावापरीस जास्त केलं यांनी." ते ऐकलं की मी चहा अर्धा टाकून उठायचो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. प्रत्येक वेळी तसाच परत यायचो. डोंगरात कधी भ्यालो नाही, पण त्या उंबऱ्यावर भ्यायचो.

मागच्या वर्षी आमच्याच कंपनीत, पॅकिंगमध्ये, तिला काम लागलं. आत मोबाइल न्यायला बंदी आहे. रुजू व्हायच्या आधी तिने मला बोलावलं आणि रुमालात बांधलेली वस्तू पुढे केली.

"भाऊजी, ही ह्यांची घडी. कपाटात ठेवून बंद पडली. सेल टाकून आणता का? म्हणलं, कामावर हीच बांधावी."

इतक्या वर्षांनी मी माझं घड्याळ हातात घेतलं. काचेवर एक चरा होता. बाकी जसंच्या तसं.

"सेल लागत नाही याला, वहिनी. उन्हावर चालतं."

"अगं बया! म्हंजी मी लपवून ठिवली म्हणून मेली?"

आम्ही गच्चीवर गेलो. घड्याळांविषयी मी नंतर एवढं शिकलो आहे की दुकानदाराने शिकवणी लावावी. काच ओल्या फडक्याने पुसली. कठड्यावर, पण टाकीच्या सावलीला ठेवलं, कारण आपल्याकडच्या मेच्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर ठेवलं तर आतला भाग बिघडतो. उजेड पाहिजे, भाजणं नको. रोज थोडा वेळ खिडकीत ठेवायचं. बाहीखाली दडपायचं नाही. काटा दोन-दोन घरं उडाला तर ते भुकेलं आहे असं समजायचं. हे सगळं मी तिला सांगत होतो आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता.

बऱ्याच वेळाने काटा हलला. वहिनीने टाळी वाजवली. डोळ्यांत पाणी होतं. तिने ते उचललं, मनगटावर धरलं, वेळ वाचली आणि लगबगीने म्हणाली, "साडेतीनच झालेत व्हय? मला वाटलं लई उशीर झाला."

तेव्हा पाच वाजून गेले होते.

मला राहवलं नाही. "वहिनी, ते बघू नका. ते चालू झालंय, बरोबर झालेलं नाही." आणि मग सगळं सांगितलं. घड्याळ कुणाचं, ते त्याच्या हातात का गेलं, नाल्याच्या काठी त्याने काय वाचलं.  खाली टँकरवाला हॉर्न वाजवत होता, बायका हंडे लावत होत्या. वहिनी जागची हलली नाही.

शेवटी म्हणाली, "मंग ह्यांची घडी कुठाय?"

"माझ्याकडे. ट्रंकेत."

"बंद हाय?"

"नाही. वेळच्या वेळी सेल बदलतो."

त्यावर ती उसळली. "एवढी वर्सं त्यांची घडी चालू ठिवली, अन् मी हितं परक्याची उराशी धरून बसले? बर्फाचं मला काय कळतंय, भाऊजी? त्यांना बर्फानं नेलं. पर त्यांची घडी तुम्ही नेलीत. उद्या आणून द्या."

मला वाटलं होतं ती त्याच्या मरणाचा जाब विचारेल. ते उत्तर मी वर्षानुवर्षं घोकलं होतं. हा जाब माझ्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ नेऊन दिलं. तिने दारातच घेतलं, आत या म्हणाली नाही. माझं घड्याळ परत दिलं नाही, मीही मागितलं नाही. अंबादासच्या घड्याळाचा पट्टा तिच्या मनगटाला मोठा होता. तिने चाकूच्या टोकाने त्याला नवं भोक पाडलं, माझ्यासमोर बांधलं आणि दार लावून घेतलं.

पहिले काही महिने ती गेटातून माझ्याकडे न बघता आत जायची. मी रजिस्टरवर मान घालून बसायचो. माझ्या डोक्यावर भिंतीत ताटाएवढं घड्याळ आहे, येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं. एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी थांबली. मनगट वळवून पाहिलं.

"सात वाजायला धा कमी, भाऊजी."

"व्हय, वहिनी."

ती आत गेली. तेव्हापासून रोज थांबते. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मी विचारणार नाही. फक्त अंबादासच्या घड्याळात किती वाजलेत तेवढं सांगते. मी उभा राहून ऐकतो.