खिंडीपर्यंतचं माहेर

वाशिमकडच्या किन्हीराजाजवळच्या तांड्यातून (बंजारा वस्तीतून) आम्ही निघालो, तेव्हा हरभऱ्याच्या शेतांवर धुकं इतकं खाली उतरलं होतं की पुढे चालणाऱ्या सक्रीबाईंची लाल ओढणीच तेवढी दिसत होती. बाई चालत नव्हत्या, तरंगत होत्या जणू.

त्या माझ्या मैत्रिणीच्या, सविताच्या आई. सोबत त्यांचे थोरले भाऊ, हिरामामा. आम्हा चौघांना डोंगरातून पायी आसेगावकडच्या तांड्यावर जायचं होतं. सक्रीबाईंच्या माहेराहून त्यांच्या सासरी. पूर्वी बंजाऱ्यांचे बैल याच वाटेनं पाठीवर मीठ आणि धान्य वाहून न्यायचे. त्या व्यापाराला लदेणी म्हणत. बैल गेले, सडक झाली. वाट मात्र कुठे गवतात, कुठे बांधाच्या कडेनं अजून टिकून आहे.

बसनं दुपारपर्यंत पोचता आलं असतं. मी तसं म्हणताच सक्रीबाई हसल्या.

"बसमंदी रडता येते काय व?"

मग सवितानं मला सगळं सांगितलं. बंजारा नवरी सासरी निघताना एकेका माणसाच्या गळ्यात पडून गाते. त्या रडण्याच्या गाण्याला ढावलो म्हणतात. सक्रीबाईंच्या लग्नात हिरामामा दूर ऊसतोडीला होते. त्यांना सुट्टी मिळालीच नाही. आईसाठी गाऊन झालं, बापासाठी झालं, भावाचा ढावलो राहिला. नवरीला भावानं डोंगरातल्या खिंडीपर्यंत पोचवायचं आणि तिथून मागे वळायचं, अशी या तांड्याची रीत. तेही राहिलं. आता मामांना ऐकू येणं कमी होत चाललं होतं. उरलेलंही लवकरच जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी राहिलेलं पुरं करायचं होतं.

धुकं विरलं तसा पळस दिसू लागला. पान एक नाही, नुसती फुलं. सागाची वाळलेली पानं पायाखाली चुरत होती. एका उतारावर रोही (नीलगाय) उभी राहून आमच्याकडे बघत राहिली, आणि आपणच कुणाच्या तरी स्वप्नात शिरलो आहोत असं मला वाटलं. दुपारी पाझर तलावाच्या काठी बाटी (ज्वारीची भाकरी) आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. संध्याकाळी ओळखीच्यांच्या शेतातल्या गोठ्याशेजारी पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी नाला ओलांडताना मामांचा पाय शेवाळावरून सटकला. लागलं काही नाही, पण कानातलं यंत्र पाण्यात पडलं. सवितानं ते चाचपून काढलं, पुसलं, उन्हात धरलं. यंत्र काही चालू होईना.

सक्रीबाई दगडावर बसल्या. "चाल व सविता, सडक गाठू. आता कोनासाठी गाऊ, या दगडासाठी?"

"आई, एवढं आलो—"

"मी नाई येत!"

मामांना यातलं काही ऐकू गेलं नसावं. बहिणीच्या चेहऱ्याकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं, तिचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि चढाला लागले. वळूनही बघेनात.

"अवो भिया (भाऊ)!" सक्रीबाईंनी हाक मारली. "माह्यं गाठोडं!"

मामा चालतच राहिले. मग बाईंना उठावंच लागलं.

तिसऱ्या सकाळी आम्ही खिंडीत पोचलो. दोन्हीकडे काळा कातळ, मधून थंड वारा. मामांनी गाठोडं खाली ठेवलं. सक्रीबाईंनी ओढणी तोंडावर ओढली, भावाच्या गळ्यात हात टाकले, त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि गायला सुरुवात केली. ते शब्द मला कळले नाहीत. आवाज मध्येच फाटायचा, पुन्हा जुळायचा. मामा डोळे मिटून, गाल बहिणीच्या डोक्याला लावून उभे होते. सविता आणि मी दुसरीकडे बघत राहिलो.

गाणं संपल्यावर मामा मोठ्यानं म्हणाले, "काय म्हनली, ते नाई समजलं मले." मग गळ्याखालच्या हाडावर हात ठेवला. "पन इथं वाजलं सारं."

सक्रीबाई रडता रडता हसल्या. "हाव. आता जा तू. मांगं पाहू नको."

सविता मामांना सडकेपर्यंत सोडायला गेली. मी सक्रीबाईंच्या मागून दुसऱ्या अंगाला उतरले. त्या एकदाही थांबल्या नाहीत. खाली तांडा दिसू लागला, तेव्हा सून शेळ्यांना पाला टाकायला विसरली असणार म्हणून त्या पुटपुटत होत्या.

परतताना बसच्या खिडकीतून मी खिंड शोधली. सगळे डोंगर सारखेच निळे दिसत होते. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिथं काई नाई बाई, रान हाय नुसतं."

घरी आल्यापासून सगळे विचारतात, वाशिमकडे पाहण्यासारखं काय आहे? मला नीट सांगता येत नाही. सक्रीबाईंचा सगळा संसार त्या तांड्यात झाला, नातवंडंही झाली. पण रीतीप्रमाणे त्या सासरी गेल्या, ते खिंडीतल्या त्या सकाळी. आणि मी त्यांच्या मागून चालत होते.