पांढऱ्या पेशींची शेजारीण

परदेशात, पापाकुराला मुलाकडे राहायला आल्यापासून शेजारच्या बाईंशी माझा परिचय आहे. त्या मूळच्या पुण्याच्या. येथे प्रयोगशाळेत काम करतात. शरीरात बसवायच्या प्लॅस्टिकच्या जाळीवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा फिरतात, हे त्या दिवसभर सूक्ष्मदर्शकातून पाहतात. त्यामुळे असेल, माणसांकडेही त्या एक डोळा बारीक करूनच पाहतात.

"प्रत्येक प्लॅस्टिकचा स्वभाव वेगळा, काका. वरचं कोटिंग फार गुळगुळीत असलं तर पेशी नुसत्या पुढे निघून जातात. फार चिकट असलं तर हलतच नाहीत." हे सांगताना त्यांची दोन बोटे टेबलावर चालत असतात.

मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात मी नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून उभा होतो. कोणाशी तरी चार शब्द बोलावेत, अशी फार इच्छा होती, पण लोक हसून "कसे आहात?" म्हणत आणि माझे उत्तर तयार होण्यापूर्वीच पुढे जात.

बाई जवळ आल्या. "मघापासून बघतेय. सगळे तुमच्यावरून घसरतायत. तुमचं कोटिंग बदलू या." एवढे बोलून त्यांनी बटाटेवड्यांचा ट्रे माझ्या हातात दिला.

मंडळी चहूकडून आली. कोणी चटणी मागितली, कोणी गाव विचारले. मी उत्तरे देऊ लागलो. वडे संपले तरी साताऱ्याचे एक गृहस्थ, येथील थंडीने त्यांची वांगी कशी धरत नाहीत, ते सांगत उभेच राहिले. मला ते फार आवडत होते. मी ट्रे खाली ठेवू लागलो, तोच बाई मागून हळूच म्हणाल्या, "राहू द्या हातातच, काका. वडे नसताना हे गृहस्थ किती वेळ टिकतात, ते बघायचंय मला."