डावीकडे ओढणारी होडी

"खोटी वस्तू, ती हरवली, त्यात रडण्यासारखं काय आहे?" असं तिची आईच विचारायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "तू रोज मालिका बघून डोळे पुसतेस, तिथे कोण खरं मेलेलं असतं गं?" मग आई पदराआड हसायची आणि विषय तेवढ्यावर मिटायचा. बाकीच्या कुणाला समजावत बसायला तिला वेळ नव्हता.

ती एका गेमच्या कंपनीत होती आणि तिचं काम म्हणजे खेळणाऱ्यांच्या हरवलेल्या वस्तू त्यांना परत देणं. गेम बेटांचा होता. लोक बेटावर झाडं लावायचे, घरं बांधायचे, होड्या बनवायचे, एकमेकांकडे जाऊन भेटी देऊन यायचे. मारामारी औषधालाही नव्हती. त्यामुळे खेळणारेही तसलेच, निवृत्त झालेले, अंथरुणाला खिळलेले, एकेकटे राहणारे. त्यांच्या हातून घोटाळे व्हायचेच. कुणी नातीच्या हाती फोन द्यायचं आणि ती अख्खं घर पाडून मोकळी व्हायची. कुणी पासवर्ड विसरायचं. कुणाची बाग कुणी गोड बोलून लांबवायचं. मग ते हिला लिहायचे. ती शोधाशोध करायची, बटण दाबून वस्तू होती तिथे ठेवायची आणि एका शब्दाचं उत्तर पाठवायची, "सापडलं." तेच तिचं नाव पडलं, सापडलंताई. खरं नाव पगाराच्या कागदावर उरलं.

थापाड्यांना ती लांबून ओळखायची. खोटं बोलणारा वस्तूचं वर्णन करतो, किती सुंदर, किती दुर्मिळ. ज्याची खरंच गेलेली असते तो ती कुठे असायची ते सांगतो. "स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची हो," एवढं वाचलं की ती पुढचं न वाचताच कामाला लागायची.

गेम तिच्या धाकट्या भावाने काढलेला. वडील लवकर गेले, आई दिवसभर कामावर, त्यामुळे त्याचं नाक पुसण्यापासून त्याला कॉलेजात घालण्यापर्यंत सगळं हिने केलं. ती बँकेत चांगली चिकटली होती. "ताई, लोकांशी बोलणारं माणूस मला घरचंच हवं," असं तो म्हणाला आणि ही बँक सोडून आली. तेव्हा कंपनी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर होती. पत्रा तापला की संगणक बंद करून सगळे जिन्यात येऊन बसायचे आणि भाऊ सगळ्यांना पुठ्ठ्याने वारा घालायचा. ते दिवस चांगले होते, यात शंका नाही.

पुढे काचेचं ऑफिस आलं. पैसे लावणारे आले. त्यांच्यातल्याच कुणीतरी भावाच्या डोक्यात भरवलं की गेममधल्या वस्तूंची मालकी ब्लॉकचेनवर न्यायची. म्हणजे कुणाची कोणती होडी याची नोंद कंपनीच्या संगणकात ठेवायची नाही, ती जगभरच्या असंख्य संगणकांवर एकाच वेळी राहणार. ती कुणालाही खोडता येणार नाही, खुद्द कंपनीलाही नाही. आणि मालकी म्हटली की बाजार आलाच. होडी विका, घर विका, आपल्या हाताने लावलेलं झाड विका. प्रत्येक विक्रीत कंपनीचा वाटा.

भाऊ स्वतः चहाचे दोन कप घेऊन तिच्या टेबलाशी आला. तो स्वतः चहा आणतो म्हणजे काहीतरी हवंय, हे ती त्याच्या शाळेपासून ओळखून होती.

"ताई, लोक बिचकतील. माझ्या नावाने निवेदन गेलं तर म्हणतील, आला दुकान मांडायला. तुझ्या नावाने गेलं तर ऐकतील."

"ऐकतील. पण मला एक सांग. कुणाची वस्तू फसवून नेली, तर मला परत देता येईल ना?"

"तुझं बटण कुठे पळून जातंय?" तो हसला. "तुझी खुर्ची, तुझं बटण, सगळं जिथल्या तिथे."

"शपथ?"

"शपथा काय घालतेस गं, मी काय लहान आहे?"

शपथ त्याने घेतली नाही, हे तिच्या ध्यानात यायला पुढे बरेच दिवस जावे लागले.

तिने निवेदन लिहिलं. मन लावून लिहिलं. "तुमची वस्तू आता कायमची तुमची. संमतीचं बटण दाबा, मी सांगते ना. काही गेलंच, तर मी इथेच बसले आहे." लोकांनी धडाधड संमती दिली. काहींनी तर पुढचं काही वाचलंसुद्धा नाही. ताई सांगतेय म्हटल्यावर वाचायचं काय?

संमती देणाऱ्यांत घड्याळवाले काका होते. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान तिच्याच शहरात होतं, पण भेट कधी झालेली नव्हती; ओळख सगळी लिहिण्यातली. काकांना गेमचं काडीचं वेड नव्हतं. खेळायची ती त्यांची बायको. आजारपणात पडल्या पडल्या तिने एक होडी बांधली आणि सुकाणू बसवताना तिरकं बसवून ठेवलं. होडी सारखी डावीकडे ओढायची. बायको गेल्यावर काका नाक्यावरच्या फोनवाल्याकडून गेम शिकून घेऊन त्या होडीत बसायला लागले. "मेली डावीकडेच जाते," असं ते ताईला लिहायचे. "जन्मभर मी उजवीकडे म्हटलं की हिचं डावीकडे. आता होडीलाही तेच शिकवून गेली." पण त्यात एक गंमत होती. सुकाणूला हातच लावला नाही, तर होडी आपल्याआपण बेटाला वळसा घालून धक्क्याला परत यायची. काका संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायचे, फोन समोर टेकवून ठेवायचे आणि होडीची एक फेरी होईपर्यंत चहा प्यायचे.

एका सकाळी त्यांचा निरोप आला. "ताई, तुम्ही सांगितलंत तसं केलं. तपासणी होऊन होडी कधी परत येईल? काल फेरी चुकली."

ताईने काहीच सांगितलेलं नव्हतं. तिने काकांना आलेलं पत्र मागवून घेतलं. कुणीतरी तिच्या नावाने पाठवलेलं, जुन्या होड्यांची तपासणी आहे, संमती द्या. संमती दिली की होडी पाठवणाऱ्याच्या नावावर. आणि खाली तिचेच शब्द उचललेले, "मी सांगते ना."

"घाबरू नका," तिने कळवलं आणि नेहमीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, "विनंती नोंदवली." होडी काही हलली नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग ती उठून ज्याने ते बटण बनवलं त्या टकल्या प्रोग्रॅमरकडे गेली. तो छापखान्याच्या माडीपासूनचा माणूस. त्याने आधी चष्मा काढला, मग काच पुसत बसला.

"बोल की रे."

"ताई, ते बटण आता कशाला जोडलेलं नाही. नुसतं चित्र आहे."

"कधीपासून?"

"संमती घेतली तेव्हापासून. मी म्हटलं होतं, काढून टाकू. सर म्हणाले, असू दे, ताईला वाईट वाटेल."

ती तिथेच उभी राहिली. लोकांच्या वस्तू गेल्या याचं दुःख पुढे यायचं होतं. आधी तिला दिसली ती स्वतः, गेले कित्येक दिवस त्या चित्रावर बोट दाबून "काळजी करू नका" असं लिहिणारी. इतरांच्या अडलेल्या विनंत्या "जरा वेळ लागतोय" म्हणून बाजूला ठेवणारी. लहान पोराने रडू नये म्हणून त्याला खेळण्यातला फोन देतात ना, तसा दिला होता तिला. आणि देणारा कोण, तर जिने त्याला खेळणी आणून दिली तिचाच भाऊ.

होडी तोवर बाजारात होती. "कारागीर हयात नाही, तिरकं सुकाणू, एकमेव," अशी जाहिरात करून चोराने ती पुढे विकलीही होती.

भावाच्या खोलीत ती दार न वाजवता शिरली.

"तुला माहीत होतं, मला काही परत देता येणार नाही."

"ताई, बस आधी."

"माहीत होतं की नाही?"

"तंत्रज्ञानच तसं आहे. खोडता येत नाही, हाच त्याचा गुण आहे. आता कुणी भलत्याच ठिकाणी संमती दिली, तर..."

"मी विचारते तेवढंच सांग."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं नसतंस."

इतकं सरळ तो फार वर्षांनी बोलला होता. त्याबद्दल त्याला शंभर गुण द्यायला हरकत नाही.

"आणि चोराने होडी विकली त्यात आपला वाटा आला?"

"तो प्रत्येक विक्रीला येतो, आपोआप."

"म्हणजे चोरीत आपण भागीदार."

"तुझं बोलणं ना ताई, फार लागट असतं. अगं, एक होडी. म्हाताऱ्याला हुबेहूब दुसरी करून देतो, आजच्या आज. तू नेऊन दे, तुझ्या हातून बरं दिसेल."

ती होडी घेऊन गेली. का गेली? कारण काकांना तोंड दाखवणं भाग होतं आणि रिकाम्या हाताने जायचा धीर नव्हता. माणूस इतपत भित्रा असतोच.

दुकान अरुंद होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं असं. भिंतीवरची घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती. काकांनी डोळ्याचं भिंग काढून तिला नीट पाहिलं.

"तुम्ही सापडलंताई? मला वाटलं, जाड असाल."

"का हो?"

"आवाज दणकट वाटायचा, लिहिण्यातला."

ती हसली नाही. स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं, बटणाचं, चित्राचं, भावाचं. काका ऐकत होते आणि हाताने एक पट्टा पुसत होते.

"म्हणजे ते तपासणीचं पत्र तुमचं नव्हतं."

"नव्हतं, काका."

"आणि त्याच्या आधीचं? वस्तू कायमची तुमची, मी इथेच बसलेय, ते?"

"ते माझं होतं."

काकांनी मान हलवली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "मी त्याच्यावरच विसंबलो," ते म्हणाले. "दुसरं पत्र मी वाचलंही नाही धड."

तिने भावाने दिलेली होडी त्यांच्या बेटाच्या धक्क्याला लावून दिली. रंग तोच, शीड तेच, टोकाजवळचा ओरखडाही तोच. काकांनी फोन घड्याळांच्या डबीला टेकवून ठेवला आणि सुकाणूवरचा हात काढून घेतला. होडी निघाली. धक्का मागे पडला, खडक मागे पडला आणि वळायची जागा आली तरी ती वळेना. ऑफिसातल्या चित्रकाराला सुकाणू तिरकं दिसलं असणार, आणि चूक समजून त्याने ते सरळ करून टाकलं असणार. होडी नाकासमोर उघड्या समुद्रात चालली होती.

"सरळ जाते," काका म्हणाले. थोडा वेळ बघून त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. "ही परत न्या. ही कुणाची आहे मला माहीत नाही."

ती ऑफिसात गेली नाही, घरी आली. आई टीव्हीसमोर शेंगा सोलत होती. तिच्या शेजारीच बसून तिने संगणक उघडला. सगळ्या खेळणाऱ्यांना एकदम लिहायची सोय अजून तिच्याकडे होती. ते बटण मात्र खरं होतं, कारण भावाला ते लागायचं.

तिने लिहिलं. "माझ्या नावाने आलेल्या कोणत्याही पत्रावर विश्वास ठेवू नका. कशालाही संमती देऊ नका. तुमची गेलेली वस्तू मला परत देता येत नाही. मी देईन असं लिहिलं होतं, ते खोटं निघालं. ते पहिलं पत्र माझंच होतं." खाली सापडलंताई लिहिलं, ते पुसलं आणि स्वतःचं पूर्ण नाव घातलं. इतक्या वर्षांत कुणाला माहीत नसलेलं. मग पाठवून दिलं.

चहा टाकायला उठेपर्यंत फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला.

"कुणाचा गं?" आईने विचारलं.

"तुझ्या लेकाचा."

"मग घे की."

"तूच घे," तिने फोन आईच्या मांडीवर शेंगांच्या ढिगाशेजारी ठेवला. "मी घरात नाही म्हणून सांग. आणि शपथ घेऊन काही सांगायला लागला, तरच मला हाक मार."