मोडायची तर हितंच

जवळा बाजारच्या आमच्या मेकॅनिकची तऱ्हाच न्यारी. लांबच्या प्रवासाआधी गाडी दाखवायला नेली, की तो बॉनेट उघडतच नाही. चावी घेतो, मला शेजारी बसवतो आणि शिरड शहापूरपर्यंत एकही खड्डा न चुकवता गाडी पिटाळतो. वर ओरडतो, "मोडायची असंल तर हितंच मोडू द्या, भाऊ! घाटात काहून तकलीफ?"

मागल्या खेपेला रेडिएटरचा पाइप फुटला. वाफेच्या ढगात उभा राहून त्यानं टाळ्या पिटल्या. "फुटला! हितं फुटला!" मग मीही टाळ्या वाजवायला लागलो.

यंदा आम्ही कोकणात निघालो होतो. त्यानं गाडी दोनदा पिटाळली, करकचून ब्रेक मारले. काहीच मोडलं नाही. मी खूश, पण त्याचा चेहरा उतरला. "न मोडलेल्या गाडीचा काय भरवसा?"

सकाळी बायको आणि मुलगी मागं बसल्या, मी चावी फिरवली, तर हा दारात हजर! धुतलेला शर्ट, एका हातात पान्यांची पेटी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. विचारलंसुद्धा नाही, सरळ माझ्या शेजारी बसला.

"चला! आता कुठंबी मोडू द्या, माझ्यापुढंच मोडंल!"