वाफेला वाट

रोज सकाळी चहाच्या आधी कुमुदबाई ओसरीवरच्या मूर्तीच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हाय शाबूत." मग चहा. कामाला लागले त्या पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं. गावाबाहेरचं घर, मागे सागाचं रान, आणि ही एकटी म्हातारी मूर्तीचं दार वाजवते. मला वाटलं, आतून कोणी उत्तर दिलं तर?

मी किनवटकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं. नवरा कसाऱ्याला रस्त्याच्या कामावर लागला म्हणून इकडे शेणव्याला आले. तो तिकडेच राहायचा, सुट्टीला यायचा. बाईंनी मला राहायला खोली दिली, जेवू घातलं, पण माझी भीती काही जाईना. बिबट्याच्या गोष्टी ऐकून मी दिवसाही कडी लावायची. गॅस पेटवताना तोंड फिरवायची. आणि सगळ्यांत जास्त भ्यायची ती त्या मूर्तीला. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बाई, हातभर उंच, भाजलेल्या मातीची, शेवाळी झिलईची. तोंड गुडघ्यांत खुपसलेलं, त्यामुळे चेहरा दिसायचाच नाही. बाईंनी ती ऐन तिशीत केलेली. मुंबईहून लोक गाडी घेऊन ती मागायला यायचे, बाई त्यांना चहा पाजून परत पाठवायच्या. अशी वस्तू माझ्या हातून फुटली तर? पुसताना मी फडकं नुसतं वरून फिरवायची.

बाई मुरबाडच्या कुंभाराची लेक. मुंबईत शाळेतल्या पोरांना मातीकाम शिकवून निवृत्त झाल्या आणि इथे येऊन भट्टी बांधली. बोलणं मात्र मुरबाडचंच राहिलं. एकदा एक पाहुणे मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले, हिच्यात केवढं एकटेपण आहे. बाई म्हणाल्या, "असंल बाबा. चहात साखर चालते ना?"

माझी भीती त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखली. हसल्या नाहीत. मला जवळ बोलावून मूर्ती आडवी केली आणि बुडाखालचं करंगळीएवढं छिद्र दाखवलं. म्हणाल्या, "आत पोकळ हाय ही, म्हणून खणखणीत वाजते. तडा गेला तर बद्द वाजंल. पोकळ मूर्तीला वाट ठेवायची असते गो. नायतर भट्टीत आतली वाफ कोंडते नि मूर्ती फुटते. एकटी नाय फुटत, शेजारचीलाबी घेऊन जाते." तेव्हापासून दिवेलागणीला भाजी निवडताना त्या विचारायच्या, "आज कशाला भ्यालीस? काढ वाफ." मी सांगायची. सापाला, नवऱ्याचा फोन आला नाही त्याला, गावाकडे आई आजारी आहे त्याला. त्या ऐकायच्या. घाबरू नकोस, असं त्या मला कधीच म्हणाल्या नाहीत.

मग एका पावसाळ्यात त्यांच्या उजव्या हातातून वस्तू निसटू लागल्या. आधी कप, मग ओली माती. कल्याणच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला, त्या नळीसारख्या मशीनमध्ये झोपवून काढतात तो. सापगावचा रिक्षावाला पांडूदादा त्यांना घेऊन गेला. परत आल्यावर बाई म्हणाल्या, मशीन बंद होतं. पांडूदादाने मला बाजूला घेतलं. "बंद कसलं? बाय मधूनच उठून आली. घामाघूम झाली होती. फोटो नाय तर औषध नाय, असं डॉक्टर बोलला."

मी हादरले. ज्यांच्या आधाराने मी उभी होते त्याच पळून आल्या होत्या. त्यांना विचारायचीही मला भीती वाटत होती. पण दिवेलागणीला भाजी पुढ्यात घेतली आणि त्यांचाच प्रश्न त्यांना घातला. "बाई, आज कशाला भ्यालात?"

त्यांनी हातातल्या गवारीच्या शिरा काढल्या. मग बोलल्या. लहानपणी लपाछपी खेळताना त्या भाताच्या रिकाम्या कणगीत शिरल्या होत्या. भावाने वरून झाकण घातलं, त्यावर पोतं ठेवलं, आणि जेवायची हाक आली तशी पोरं पांगली. त्या आत गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. ओरडून ओरडून आवाज गेला. शेवटी त्यांची आई शोधत आली आणि तिने बाहेरून कणगीवर टकटक केलं. "तवा मला कळलं, मी अजून हाय," बाई म्हणाल्या. "रुक्मा, आयुष्यभर मूर्त्या भट्टीत घालून मी दार लिंपलं. पण त्या नळीत मला नाय जायचं. मला लय भ्या वाटतं गो."

पुढच्या खेपेला मी सोबत गेले. मशीनपाशी एका माणसाला उभं राहता येतं, पण अंगावर लोखंड चालत नाही, असं तिथल्या मुलाने सांगितलं. मी मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, पदराची पिन, सगळं काढलं. अजून काही लोखंड आहे का, त्याने विचारलं. मी आठवून पाहिलं. म्हटलं, "सकाळी सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी खाल्लीय. चालेल का?" तो मुलगा हसून वाकला. नळीच्या तोंडाशी आडव्या झालेल्या बाईंच्या पोटाचीही हालचाल मला दिसली. त्या हसत होत्या.

मग त्या आत गेल्या. पावलं तेवढी बाहेर राहिली. मशीन घणासारखं वाजू लागलं, आणि मला वाटलं, आता हे छत खाली येणार. मी पळाले नाही, कारण पाय हलतच नव्हते. मी बाईंच्या पायाच्या तळव्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. अंगठा हलला. थोड्या वेळाने परत केलं. परत हलला. फोटो संपेपर्यंत आमचं तेवढंच बोलणं चाललं.

फोटोत गाठ निघाली. औषधाने पुढचा उन्हाळा पाहता आला, एवढंच. हात गेला, मग बोलणं गेलं. रोज सकाळी मी भीत भीतच त्यांच्या खाटेशी जायची, तळव्यावर टकटक करायची, आणि अंगठा हलला की जाऊन चहा ठेवायची. संध्याकाळी भाजी निवडताना त्यांच्या वाट्याचंही मीच बोलायची. त्यांना कशाची भीती वाटत असेल ते एकेक विचारायची आणि डोळ्यांकडे बघायची.

एका सकाळी अंगठा हलला नाही. मी परत टकटक केलं. परत केलं. पाऊल गार होतं.

पांडूदादाला फोन करायचा होता, बाईंच्या भाच्याला कळवायचं होतं. मला काहीच सुचेना. मी ओसरीवर गेले, मूर्तीच्या पाठीवर टकटक केलं आणि मान तिरकी केली. आवाज खणखणीत आला. आतल्या खोलीत ऐकू जाईल असं मी मोठ्याने म्हटलं, "हाय शाबूत, बाई."