फ्यूजच्या जागी तार

माझे वडील, अण्णा, जिनिंगच्या कारखान्यावरून घरी आले की माय त्यांना दारातच अडवायची. भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाची बारीक रुई चिकटलेली असायची. टॉवेलानं झटकून झाल्याशिवाय आत यायचं नाही, हा तिचा नियम. आम्हा भावंडांना मजा वाटायची, कारण पांढऱ्या मिशीचे अण्णा आजोबांसारखे दिसायचे. अंगावरची रुई अशी रोज झटकली जायची. छातीत गेलेली तशीच राहिली.

आमचं गाव वालूरच्या पुढं, पत्र्याची एक खोली आणि पुढं छपरी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत अण्णा जिनिंगवर हमाली करायचे, बाकीच्या वर्षात मिळेल ते काम. माय निंदायला, वेचायला जायची. मी दहावीत असताना अण्णांना पहिल्यांदा दम लागला. पुढं पुढं तो असा लागायला लागला की भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर हात टेकून ते नुसते बसून राहायचे. बोलायला गेले तर अर्धं वाक्य निघायचं. मग शेजारच्या घरातून काकांना हाक मारायची. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. ते मोटारसायकल काढायचे, मधे अण्णा, मागं त्यांना धरून माय, असे तिघं सेलूला जायचे. तिथं डॉक्टर मशीन लावायचे, तोंडावर मास्क, मास्कमधून औषधाचा धूर. थोड्या वेळानं अण्णा माणसात यायचे. घरी परत येईपर्यंत मायचा आणि काकांचा कामाचा दिवस बुडालेला असायचा.

शेवटी डॉक्टर म्हणाले, मशीन घरीच ठेवा. ते आम्ही कसं घेतलं हे सांगत बसत नाही, पण घेतलं. आणि कळलं की गोष्ट तेवढ्यावर भागत नाही. आभाळ भरून आलं की अण्णांची छाती भरते, आणि आभाळ भरून आलं की आमच्याकडची लाईट जाते. दोन्हीची वेळ एकच.

मी तेव्हा परभणीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. सुट्टीत घरी आले होते तेव्हाचा एक प्रसंग. भर दुपार, वारं सुटलेलं, लाईट गेलेली. अण्णा मशीन मांडीवर घेऊन बसलेले, मास्क लावलेला, पण मशीन बंद. पिन भिंतीत, भिंतीत काही नाही. काका मोटारसायकल काढता काढता मला म्हणाले, "काय शिकवतेत गं तुमच्या कालिजात?"

"इलेक्ट्रॉनिक्स."

"म्हंजी लाईटीचंच ना? मग आण की लाईट. बाप बसलाय समोर."

ते टोमणा मारायला बोलले नव्हते असं माय नंतर म्हणाली. मला तो लागला. त्याच दिवशी मी मनाशी धरलं की हे मशीन लाईटीशिवाय चालवून दाखवायचं.

वाट कुठून दिसली ते सांगते. वर्गातला एक मुलगा प्रॅक्टिकलच्या वेळी माझ्याकडं एक पेनासारखी वस्तू घेऊन आला. वेप. ओढली की आंब्याच्या वासाचा धूर निघतो ती. सरकारनं बंदी घातलेली, पण पोरांच्या खिशात दिसायची. म्हणाला, "बंद पडलीय. तुझा हात चांगला चालतो, बघ ना." मी दुरुस्त करणार नाही म्हणून आधीच सांगितलं, उघडून बघते म्हणाले. आत एक सेल, एक तारेचं कॉईल, कापसाचा बोळा आणि एवढंसं सर्किट. कापूस बघून मला हसू आलं आणि लगेच हसू गेलं. चांगल्या छातीत धूर घालायला इतकी हुशारी खर्च केलेली. सेलला फ्यूज नव्हता, दोन वायरी एकमेकींना घासत होत्या आणि ही वस्तू तो ओठात धरत होता. "फेकून दे," म्हटलं, "नाहीतर एखाद्या दिवशी तोंडात फुटेल." त्यानं ती खिशात घातली आणि "फालतू भाषण नको" म्हणून निघून गेला.

माझ्या डोक्यात मात्र ते कॉईल राहिलं. एवढ्याशा सेलवर धूर होत असेल तर अण्णांचं औषध का नाही? मी सेलूच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते आधी घाबरले. म्हणाले, "बाई, तसलं काही करू नकोस. औषध तापवलं की ते औषध राहत नाही. ह्या मशीनमध्ये वाफ नसतेच. हवेच्या जोरानं औषधाचं धुकं होतं, थंडगार." गावात आम्ही सगळे त्याला वाफच म्हणत होतो. माझी कल्पना तिथंच मेली ते बरं झालं. पण त्यांनीच पुढं सांगितलं, गाडीत लावायचं बारा व्होल्टचं मशीन मिळतं. ते बॅटरीवर चालेल. बॅटरी तेवढी धड पाहिजे.

तसलं मशीन मागवून घेतलं, बॅटरी मी केली. परभणीत सोलरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातून चार नवे सेल घेतले, त्या दिव्यांत असतात ते, कमी भडकणारे. जुने भंगारातले स्वस्त पडले असते, पण ते घ्यायचे नाहीत हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. सेलवर थेट सोल्डरिंगचा डाग द्यायचा नाही, सेल तापतो. म्हणून त्याच दुकानात वेल्डिंगच्या मशीनवर पट्ट्या जोडून घेतल्या. चारी सेलवर लक्ष ठेवणारं एक सर्किट असतं, सेल जास्त भरला किंवा जास्त रिकामा झाला की तोडतं, ते बसवलं. पॉझिटिव्ह टोकाला, सेलच्या अगदी जवळ, फ्यूज. मशीन ओढतं त्याहून थोडाच मोठा. वायर जाड. उघडा सांधा एकही नाही. आमच्या लॅबमधल्या सरांनी दोनदा तपासून दिलं, एकदा सगळं उकलायलाही लावलं, कारण एक वायर कडेवरून जात होती आणि तिच्यावर नळी चढवायची राहिली होती.

माय म्हणाली होती, "घरातला स्टीलचा डबा ने, झाकण लय घट्ट हाय त्याचं." स्टील नको, वायर सुटली तर सगळा डबाच जिवंत होईल, असं सांगितलं. मग प्लॅस्टिकची पेटी घेतली.

घरी आणली तेव्हा छपरीत माणसं जमली. शेजारची मावशी म्हणाली, "पोरीनं बाँब आणलाय बाँब. दूर बसा गं." अण्णांनी मास्क लावला, मी बटन दाबलं, मशीन घरघरलं, मास्कमधून धुकं आलं. लाईट त्या वेळी होती. मी मुद्दाम मेन स्विच पाडून दाखवला. धुकं तसंच. अण्णा मास्कच्या आतून काहीतरी बोलले, ते कुणाला कळलं नाही. मास्क काढल्यावर म्हणाले, "जमलं की."

काकांनी पेटी चारी बाजूंनी फिरवून बघितली. काका गावातले हुन्नरी माणूस. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचा, फ्यूज उडाला की वायरमन यायची वाट कुणी बघत नाही, काकांना बोलावतात. आमच्याकडं फ्यूज उडाला म्हणजे तो कच्चा होता असं समजतात. मग त्याच्या जागी जाड तार घालायची. ती उडत नाही. पुढं मोटार जळते, पण मोटार जळाली तर मोटार कच्ची होती असं म्हणतात.

"किती व्होल्टची म्हणालीस?" काकांनी विचारलं.

"बारा."

"माझ्या फवारणीच्या पंपाची बी बाराचीच हाय." एवढं बोलून त्यांनी पेटी खाली ठेवली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तिसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र. सोयाबीनवर अळी पडलेली. मी लॅबमध्ये असताना मायचा फोन आला. ती फोनवर कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडत होती.

"तुज्या डब्याला वास यायलाय! वायरीचं तोंड पाघळायलंय!"

"आधी बटन बंद कर."

"केलं."

"मास्क काढला का?"

"त्यांनीच काढलाय. पाणी टाकू का?"

"पाणी नको! पिनीला हात लावू नको. फडक्यानं पेटी उचल, घमेल्यात ठेव अन् अंगणात ने. घरापासून दूर, मातीवर."

फोन बाजेवर तसाच राहिला होता. मायची पावलं लांब गेली आणि मला अण्णांचा श्वास ऐकू यायला लागला. शिट्टीसारखा. अर्धंच औषध पोटात, म्हणजे छातीत, गेलेलं. मी परभणीत, हातात मल्टीमीटर. मग काकांचा आवाज आला, "दादा, उठा. बसा गाडीवर." आणि मोटारसायकलचा.

मिळाली ती एसटी धरून मी सेलूला पोचले. दवाखान्यात अण्णा मास्क लावून बसले होते, रंग परत आलेला. माय बाकावर. काका आत आलेच नव्हते, बाहेर गाडीपाशी उभे होते. मला बघून त्यांनी गाडीचा आरसा पुसायला घेतला.

घरी आल्यावर मी पेटी उघडली. सेल चांगले होते. जिथं मशीनची पिन जाते तो भाग पाघळून काळा झाला होता, आत पांढरी पुटं. औषधाची, पण अण्णांच्या नव्हे, सोयाबीनच्या. आणि फ्यूजवर तांब्याची तार, चांगली तीनपदरी, सफाईनं गुंडाळलेली. ती सफाई मी लहानपणापासून ओळखते.

"काका, ही कुणी घातली?"

"मी. रानात निस्त्या दोन टाक्या मारल्या पंपाच्या. नोझल तुंबलं अन् फ्यूज उडाला. कच्चा हुता त्यो."

"कच्चा नव्हता. तुंबलेली मोटार जास्त ओढत होती म्हणून त्यानं तोडलं. ते त्याचं काम. पिनीत ओल शिरली होती, आजही त्यानं तोडलं असतं. तुमच्या तारेनं तोडलं नाही. घर पेटलं असतं."

"पंप रिकामा करून, पेटी पुसून ठेवली हुती मी," काका म्हणाले.

"पुसून काय उपयोग?"

आता त्यांचाही पारा चढला. "अन् मी न्हाई घातली असती तार, तर? घरात दुसरा फ्यूज हाय का तुज्या? दादाला दम लागला असता अन् पेटी मेलेली, मग त्यांनी काय परभणीहून तू यायची वाट बघायची? कालिजवाली हायस, एवढं न्हाई सुचलं?"

विचारल्याशिवाय पेटी रानात नेली ही त्यांची चूक होतीच. पण फ्यूज उडाल्यावर घरातल्या माणसानं काय करायचं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या गावात फ्यूज उडाल्यावर लोक काय करतात हे मला माहीत असूनही.

खाटेवरून अण्णा म्हणाले, "दोघंबी गप बसा. दुरुस्त हुईल का न्हाई तेवढं सांगा."

"होईल."

"मग भांडताव कामून?"

दुसरी पेटी मी त्या भांडणातून केली. काचेच्या फ्यूजऐवजी बटनाचा ब्रेकर बसवला. जास्त करंट गेला की बटन टक्‌कन बाहेर येतं, वायर सोडवून, थोडं थांबून आत दाबलं की परत चालू. नवीन काही आणायचं नाही, गुंडाळायला जागा नाही. त्याच्या मागं आणखी एक फ्यूज ठेवला, पण तो आत, बंद. पिन अशी निवडली की फवारणीच्या पंपाची तिच्यात जातच नाही. आणि काकांच्या पंपालाही तशीच एक बॅटरी करून दिली. ती दिली नसती तर त्यांनी पिनच कापली असती, हे मला माहीत होतं.

अंगणात सगळ्यांसमोर मी नव्या पेटीच्या बाहेरच्या दोन वायरी मुद्दाम एकमेकींना टेकवल्या. मावशी ओरडून मागं सरली. टक. बटन बाहेर. काही तापलं नाही, काही वास आला नाही.

"दाबा काका."

काकांनी वायरी दूर केल्या, बटन दाबलं. मशीन घरघरलं. त्यांनी परत वायरी टेकवल्या, परत टक, परत दाबलं. चौथ्यांदा करायला लागले तेव्हा माय म्हणाली, "भावजी, खेळणं हाय का त्ये? ठिवा खाली."

"बघून घ्यायलोय वैनी," काका म्हणाले, "उद्या ही परभणीला गेल्यावर मलाच बघायचंय."

तेव्हापासून ती पेटी काकांच्या देखरेखीखाली आहे. चार्जिंगला लावली की जवळ बसायचं, भरली की काढायची, हे ते पाळतात. कुणी मोबाईल चार्ज करायला मागितली तर अंगावर जातात. फवारणीच्या दिवसांत गावातल्या दोघांनी तसलीच बॅटरी पंपाला करून मागितली, तेव्हा काकांनी त्यांना आधी विचारलं, "उडाल्यावर तार घालणार न्हाईत ना?"

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली. निकाल लागला तेव्हाही वारं सुटून लाईट गेलेली होती आणि अण्णा मशीनवर होते, म्हणून मी त्यांच्या समोर बसून औषध संपायची वाट बघितली आणि मग सांगितलं.

गेला पावसाळा पूर्ण गेला. लाईट पूर्वीसारखीच जात राहिली. अण्णांना एकदाही मोटारसायकलवर बसवून सेलूला न्यावं लागलं नाही.