ओट्याचा ढाळ

कॅमेरा हलू न देणाऱ्या मोटरवाल्या गिंबलचा कंट्रोलर मी पहिल्यांदा जुळवला तो गिरीज गावातल्या आमच्या घरी, ओट्यावर बसून. सपाट जागी ठेवून कॅलिब्रेट करायचं, म्हणजे सपाट कशाला म्हणायचं ते त्याला शिकवायचं होतं. केलं. तरी चित्रात वाडीतल्या सगळ्या केळी कलंडलेल्या! मी कंट्रोलरला मनसोक्त शिव्या घातल्या.

"परत करून टाक," आई म्हणाली.

तेवढ्यात माझा धक्का लागून तांब्या लवंडला आणि पाणी थेट अंगणाकडे धावलं. ओट्याला ढाळ होता. कंट्रोलरने तोच सपाट मानला होता! मग वर ठेवलेली गोटी जागची हलेनाशी होईपर्यंत कॅरम बोर्डाखाली पुठ्ठे सारले आणि त्यावर पुन्हा कॅलिब्रेट केलं. वाडीला एक फेरी मारून आलो.

चित्र बघून आई म्हणाली, "जरासुद्धा हललं नाही. पाऊल जपून टाकलंस ना?"

"धावत होतो," मी म्हटलं.